हात फिरे तिथे

‘हे आता रिपेअर होत नाही, बदलावंच लागतं.’ हे वाक्य मनातून जात नाही. म्हणणाऱ्याच्या आवाजात खंत नव्हती, तुसडेपणाही नव्हता. त्याच्या लेखी ती साधी माहिती होती, आणि बहुधा खरीही. तरी तेव्हापासून मला मिरज रस्त्यावरची वाइंडिंगवाल्या चाचांची खोली सारखी आठवते आहे. आणि तिच्यापाठोपाठ, काही संबंध नसताना, आईच्या तोंडची म्हण. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे.

आई ही म्हण केरसुणी हातात देताना म्हणायची, नाहीतर दिवाळीआधी माळ्यावरचे पितळी डबे उतरवून चिंचेनं घासताना. त्यामुळे ती झाडलोटीची म्हण म्हणूनच डोक्यात बसलेली. पण त्या वेळी आईचा हात काय करत होता हे आता नीट आठवलं, तर वेगळंच दिसतं. डबा घासता घासता झाकण कुठं सैल झालंय ते तिला कळायचं. डाळीत हात घातला की कीड लागायच्या आधी ओल जाणवायची. उसवू लागलेली उशी, झिजलेली कडी, पाणी मुरायला लागलेली भिंत, घरातलं प्रत्येक दुखणं आधी तिच्या हाताला कळे आणि मग आमच्या नजरेला. वस्तू रोज हाताखालून गेली की तिचं बिघडणं वेळेत कळतं, आणि वेळेत कळलं की थोडक्यात निभावतं. लक्ष्मी येत असेल तर बहुतेक अशी, वाचलेल्या पैशांच्या रूपानं.

पण मग हात कुणाचा आणि लक्ष्मी कुणाची? आईचा हात आपल्याच घरावरून फिरत होता. चाचांचा फिरला तो आयुष्यभर परक्यांच्या वस्तूंवरून.

त्यांच्याकडे यायचे ते सेल्फ, म्हणजे स्टार्टर, आणि डायनामो. ट्रॅक्टरचे, जीपचे, ट्रकचे, आणि पद्मिनी गाड्या होत्या तोवर त्यांचेही. डायनामो आला की चाचा आधी पुली हातानं फिरवून बघत. बुश गेलाय का ते बोटांना समजे. मग खोलून आतलं आर्मेचर ग्राउलरवर ठेवत. ग्राउलर म्हणजे वर खाच असलेला विजेवरचा चुंबक. खाचेत आर्मेचर ठेवायचं, त्याच्यावर हॅकसॉचं पातं अलगद धरायचं आणि दुसऱ्या हातानं आर्मेचर सावकाश फिरवत न्यायचं. आतलं सगळं ठीक असेल तर पातं गप्प राहतं. जिथं तारांवरचा लेप जळून त्या एकमेकींना भिडल्या असतील, तिथं आलं की पातं थरथरायला आणि खरखरायला लागतं. चाचा तिथंच खडूची खूण करत.

पुढचं काम वेळखाऊ. जळलेली तार काढताना एका कॉइलचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरवर बघायची आणि दोन्ही आकडे वहीत उतरवून घ्यायचे. खाचांमधून लेदरॉईडचा कागद सारायचा, त्यात नवी तांब्याची तार तेवढेच वेढे घेऊन भरायची, वरून बांबूची कामटी ठोकायची. टोकं कम्युटेटरला डाख देऊन जोडायची. वार्निश पाजून आर्मेचर सुकवायचं. कम्युटेटर लेथवर घासून घ्यायचा, आणि तांब्याच्या दोन पट्ट्यांमधला अभ्रक पात्याच्या तुकड्यानं किंचित खाली खरवडायचा, नाहीतर कार्बन ब्रश उडतात आणि ठिणग्या पडतात. हे शेवटचं काम ते कधी पोराकडे देत नसत.

चाचा एकटे नव्हते. शेजारी रेडिएटरवाला होता. तो रेडिएटरचं तोंड बंद करून हवा भरे, हौदात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघे आणि तिथं कथलाचा डाख देई. पलीकडे ब्रेकशूवर नवे लायनर रिव्हेट करणारा, स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करणारा, डिझेल पंप टेस्ट बेंचवर लावून काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल सारखं उतरतंय का ते पाहणारा. थोडं पुढं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. हे पिस्टन कंपन्याच बनवत: पाव मिलिमीटर मोठा, मग अर्धा, पाऊण आणि पुरता एक. तेही संपलं की नवी स्लीव्ह. क्रँकचंही तसंच, घासून बारीक केलेल्या क्रँकला बसतील असे बेअरिंग बाजारात तयार मिळत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इंजिन कागदावर आखलं जात होतं तेव्हाच धरून चाललेलं असे, की हे पुढं झिजेल आणि कुठल्यातरी गावात कुणीतरी हे खोलून पुन्हा उभं करील. त्या कुणातरीसाठी चार पायऱ्यांची जागा राखून ठेवलेली होती.

आता ती जागा फारशी उरलेली नाही. रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले, त्यांना वर प्लास्टिकच्या टाक्या. तिथं कथिल लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि दुचाकींच्या कार्बोरेटरचे दिवस जवळजवळ संपले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड केला होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. धुराचा विचार केला तर यातलं बरंचसं व्हायलाच हवं होतं. माझी मुलंही हीच हवा घेतात.

हातचं काम असं सरलं की मला मिरजेचे शिकलगार आठवतात. तलवारी, भाले यांना धार आणि पाणी देणारी ही माणसं. काळ पालटला, इंग्रजांचा अंमल बसला, हत्यारांची मागणी आटली. गावात गाणं होतं, गवयांचे तंबोरे बिघडत, आणि ते दुरुस्त करणारं जवळ कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हातात घेतलं. आधी दुरुस्ती, मग स्वतः घडवणं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येऊ लागले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकरांच्या दुकानात जवारी काढताना बघत बसावं. घोडी कानशीनं जरा घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा जरा घासायचं. एका क्षणी तारेला तो भरीव झणकार येतो आणि कारागीर थांबतो. एक घासणं जास्त झालं तर सूर गेला. चाचांच्या ग्राउलरवर पातं खरखरलं की दोष सापडला. इथं तार झणकारली की गुण सापडला. पण दोन्हीकडे हात आणि कान एकाच तऱ्हेनं कामाला लागलेले असतात. कोल्हापुरातही घडलं ते असंच. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता लोक सुटे भाग बनवायला शिकले, त्यातून फाउंड्र्या उभ्या राहिल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. आमच्या या भागात घडवणं हे दुरुस्तीच्या पोटातून आलं आहे.

हे आठवलं की धीर येतो. धंदा बुडाला तरी हात बुडत नाही, तो दुसरीकडे निघून जातो, असं म्हणावंसं वाटतं. पण फरीदसाहेबांचं नाव राहिलं ते तंबोऱ्याकडे वळले म्हणून. बाकीच्या शिकलगारांचं काय झालं? गावोगाव धार लावणारी किती घरं होती, त्यांच्या शेजारी गवई राहत नव्हते. त्यांचे हात कुठं गेले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. वळलेल्यांची गोष्ट सांगायची आणि तिच्यावरून सगळ्या हातांचं भविष्य ठरवायचं, हे मला आता पटेनासं झालंय.

आणि चाचांच्या खोलीत सगळं सुंदरच होतं असंही नाही. जुनी तार सुटावी म्हणून आर्मेचर भाजत, तेव्हा निघणारा धूर डोळ्यांत आणि घशात बसे. लायनरवाल्याकडे घासताना उडणाऱ्या धुळीत त्या काळी ॲस्बेस्टॉस असे, तोंडाला फार तर रुमाल. हाताखाली बारा-तेरा वर्षांची पोरं असत. ती हे काम शिकली ते शाळा सोडून. चाचांच्या उजव्या अंगठ्याला तारेनं पडलेली घळ आहे, ती आता बुजायची नाही. तीन पिढ्यांचे ट्रॅक्टर चालू ठेवणाऱ्या माणसाला काम थांबेपर्यंत भाड्याच्या घरात राहावं लागलं. हात फिरला, भरपूर फिरला. लक्ष्मी ट्रॅक्टरवाल्याकडे गेली.

त्यांचा मुलगा आयटीआय झाला. त्याच खोलीत आता काउंटर आहे, मागं फळ्यांवर नव्या अल्टरनेटरचे, सेल्फचे खोके. जुना द्यायचा, नवा न्यायचा. जुन्याचं तांबं किलोवर जातं. त्यानं दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं, चाचा तिथंच राहतात. ‘अब्बांचे हात रात्री वळायचे, अम्मी गरम पाण्यात धरून बसायची. ते मला करायचं नव्हतं,’ तो म्हणाला. यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणीचा जो अर्थ मी इतका वेळ आईच्या हातांवरून लावत होतो, तो या घरात उलटा पडला आहे. इथं लक्ष्मी आली ती हात थांबल्यावर.

हल्ली त्याच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारी चौकशीला येतात. आत शेवटी तांब्याचीच तार, खाचा आणि वेढे. चाचांचं म्हणणं, तार आहे तर भरता येणारच, वेढे मोजायचे. मुलगा म्हणतो, मोटार भरून दिली तरी कंट्रोलरचं काय, आणि वॉरंटी गेली म्हणून गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तर भांडायचं कुणी? दोघांचा वाद जेवतानाही चालतो म्हणे. मी ऐकतो तेव्हा चाचांच्या बाजूचा होतो. घरी येऊन हिशेब मांडला की मुलाचं पटतं. सध्या एक मोटार काउंटरखाली पडून आहे. मालकानं ती खोलायला हो म्हटलंय, मुलानं अजून नाही.