पदकाची पाठ

पदक हातात आलं की लोक आधी चेहरा बघतात. मी ते उलटं करतो. चेहऱ्याच्या बाजूला कलावंताला फारसा वाव नसतो. पाठीवर तो असतो, पण तिथेही बहुतेकदा देव्या, पंख, पानांचे हार असा ठरीव साज मिळतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचं १८२९ सालचं चेझल्डन पदक या बाबतीत धीट आहे. पुढे शल्यविशारद विल्यम चेझल्डन आणि मागे विच्छेदनाच्या मेजावर ठेवलेलं प्रेत. सोबत लॅटिन वचन, मृत्यूतून जिवंतांना आरोग्य मिळतं अशा अर्थाचं.

चेझल्डन (१६८८–१७५२) गाजला तो मूत्राशयातले खडे काढण्यासाठी. भुलीची औषधं यायला अजून शंभरावर वर्षं होती. झटपट उरकणं हीच रुग्णावरची दया. १७२७च्या सुमारास त्याने बाजूने छेद घेण्याची पद्धत बसवली आणि मिनिटाच्या आत तो खडा बाहेर काढू लागला. २१३ रुग्णांपैकी २० दगावले, हा त्याचा हिशेब त्या काळी थक्क करणारा होता. ही सफाई आली प्रेतांवर हात बसवून. १७१४ साली न्हावी आणि शल्यवैद्य यांच्या सामाईक कंपनीने त्याला समज दिली होती, कारण फाशी गेलेल्यांची प्रेतं तो परवानगीवाचून घरी आणून फाडत असे. पुढे १७४५मध्ये शल्यवैद्य न्हाव्यांपासून वेगळे झाले, त्यातही तो पुढे होता.

पदकाचे ठसे कोरले विल्यम वायन यांनी. आपल्याकडच्या संग्राहकांना हा माणूस परका नाही. १८४०च्या राणीछाप रुपयावर व्हिक्टोरियाच्या मानेच्या कापाशी भिंगातून ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ दिसतं, ते हेच. रुपयाचा उठाव बेताचा असतो. पदकाचा उठाव मोठा, म्हणून तो एका दाबात येत नाही. चांदीची चकती पुन्हा पुन्हा तापवून मऊ करतात आणि दाब देत जातात. खोलगट जागी साचलेली काळसर झाक हाच या उठावाचा जीव. कुणी हौसेने चिंच लावून पदक लख्ख घासलं की मला भांड्यांचा कारखाना आठवतो.

आता सालाकडे बघा. १८२९च्या जानेवारीत एडिंबरोमध्ये विल्यम बर्कला फाशी झाली. साथीदार हेअरसह त्याने सोळा जणांना मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली होती. कायद्याने विच्छेदनाला मिळत ती खुनी म्हणून फासावर गेलेल्यांची प्रेतं, आणि ती पुरत नसत. मग थडगी उकरली जात. नेमक्या त्याच वर्षी एका रुग्णालयाने हुशार विद्यार्थ्यांच्या पदकावर प्रेत कोरून घ्यावं! मला त्यात निर्लज्जपणा दिसत नाही, उलट इतर पदकांत क्वचितच आढळणारा खरेपणा दिसतो. पुढच्या बाजूला शल्यविशारदाचं नाव आहे. बक्षिसाच्या पदकांवर जिंकणाऱ्याचंही नाव कोरतात, आणि ते असलं की संग्राहक जास्त पैसे मोजतात. मेजावरचा माणूस मात्र बिननावाचा. विच्छेदनाविषयीच्या १८३२च्या कायद्याने प्रेतचोरीचा धंदा बसला, पण प्रेतं आता अनाथ-गरिबांच्या आश्रमांतून येऊ लागली. मुंबई प्रांतात बेवारस प्रेतांविषयी तसा कायदा झाला तो १९४९ साली.