हरणांच्या अंगणातली फुलबाग

चेन्नईच्या सरदार पटेल रस्त्यावर बसगाड्यांचा गोंगाट कान किटवतो. पण आयआयटीच्या फाटकातून आत शिरले, की थोड्याच वेळात वडाच्या पारंब्यांखाली ठिपकेदार चितळांचा कळप निवांत रवंथ करताना दिसतो. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हरखून जातात. यजमानीणबाई मात्र अंगणातल्या गुलाबाच्या कुंडीकडे बोट दाखवतात. काल संध्याकाळी तिथे चार टपोऱ्या कळ्या होत्या, सकाळी नुसते देठ उरलेले!

आता यात तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची? ही जमीन मुळात गिंडीच्या जंगलाची. १९५९ साली आयआयटी स्थापन झाली, तेव्हा तिला याच जंगलातली सुमारे २५० हेक्टर जागा मिळाली. शेजारच्या सुमारे २७० हेक्टरांचे १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. चितळ, काळवीट, माकडे, ससे या साऱ्यांचे हे जुने घर. माणसे मागाहून आली. वसतिगृहांना त्यांनी गोदावरी, कृष्णा, ताप्ती अशी नद्यांची नावे दिली आणि घरांपुढे बागा फुलवल्या.

गुलाब आणि जास्वंद हा तर चितळांचा फराळच. उंचावरच्या फांदीसाठी नर मागच्या दोन पायांवर उभा राहायलाही कमी करत नाही. चोर कोण, हे मात्र देठ पाहून ओळखता येते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून ते पाला ओढून तोडते आणि देठाची कड फाटकी राहते. जमिनीलगतचा कोवळा कोंब चाकूने छाटावा तसा तिरका कापलेला असेल, तर ते रात्री आलेल्या सशाचे काम.

अशा अंगणात टिकते काय? गंमत अशी, की उत्तर आपल्या देवपूजेच्या तबकातच सापडते. तमिळ घरांतली नंदियावट्टै म्हणजे आपली तगर, अरळी म्हणजे कण्हेर, नित्यकल्याणी म्हणजे सदाफुली आणि एरुक्कु म्हणजे रुई. इथे विनायक चतुर्थीला गणपतीला रुईच्या फुलांची माळ घालतात. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची. ही सारी झाडे एकाच कुळातली. पान तोडले की चीक किंवा कडवट रस येतो, आणि जनावर सहसा दुसऱ्यांदा तोंड लावत नाही. सदाफुलीतल्या ज्या द्रव्यांमुळे ती कडू लागते, त्याच प्रकारच्या द्रव्यांपासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे तयार झाली. चेन्नईच्या उन्हाळ्यातही ती कुंपणाशी हसत उभी असते. झेंडूच्या उग्र वासाचे पुष्कळ कौतुक होते, पण त्याच्यावर फार विसंबू नये.

कण्हेर लावताना मात्र दहा वेळा विचार करावा. तिचे पान, फूल, साल, सारेच विषारी, आणि वाळल्यावरही विष जात नाही. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, आपल्याकडच्या बिट्ट्या, मुले खेळायला घेतात. एखादी तोंडात गेली तर जिवावर बेतू शकते. घरात रांगते मूल असेल तर तगर आणि चाफा पुरे. छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या गवतात टाकणे तर पापच. ऐन उन्हाळ्यात गवत संपले, की भुकेले हरीण नेहमीची पारख विसरते. घाणेरीही जनावरे टाळतात. पण ती जंगलात शिरली की स्थानिक झुडपांना जागाच उरत नाही, तेव्हा तिला वाटेला लावलेलेच बरे.

हौस म्हणून गुलाब हवाच असेल, तर तो गच्चीत न्यावा. काहीजण कुंपणाला नायलॉनची जाळी बांधतात. तिच्यात नराची शिंगे अडकली, की सुटण्याच्या धडपडीत तो स्वतःलाच जखमी करून घेतो. बांबूची उंच कामटी किंवा ताठ तारेची जाळी बरी. कोवळ्या रोपांना तर पहिले काही महिने आडोसा लागतोच, मग ते रोप कडू असो वा गोड. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. पहिली सर पडल्यावर लावलेली तगर पुढच्या कडक उन्हाआधी मूळ धरते.

आणि उरलेली पोळी, केळीची साल, भाजीचे देठ हरणांपुढे टाकण्याचा मोह आवरावा. खाण्याबरोबर पिशवीही पोटात जाते. मेलेल्या हरणांच्या पोटातून इथे प्लॅस्टिकचे गोळे निघालेले आहेत.

संध्याकाळी दिवे लागले, की कळप पुन्हा घरांकडे सरकतो. एक मादी तगरीचे पान हुंगते, कान हलवते आणि शेजारच्या दाराकडे वळते. तिथे यंदा कोणीतरी नवी जास्वंद लावली आहे.