नंदूस, शिवाजी पार्कविषयी

सी-स्कीम, जयपूर
१४ डिसेंबर



तुझं पत्र परवा मिळालं. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी शिवाजी पार्कच्या इतिहासावर दोन पानं हवीत, एवढंच तू मागितलं आहेस. ती देतेच. पण त्याच पत्रात तू सहज लिहून गेलास की ६ डिसेंबरच्या आदल्या दिवशीच सगळे लोणावळ्याला गेलात, कारण तेव्हा घराबाहेर पाऊल टाकण्यासारखं नसतं. आणि शेवटी एक ओळ, की बिल्डरला संमती द्यायचं ठरतंय, बाविसाव्या मजल्यावर समुद्र दिसणारं घर मिळेल. नंदू, मला रात्री झोप लागली नाही. या दोन्ही गोष्टींचं उत्तर आधी देते. तुझा इतिहास त्यातच येईल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीकडच्या कोंदट, अंधाऱ्या चाळींतून माणसं पटापट गेली, निम्मं शहर गावाकडे पळालं. तेव्हा सरकारला कळलं की माणसाला उजेड आणि वारा लागतो. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा पट्टा आखायला घेतला. रुंद रस्ते, दोन इमारतींत मोकळी जागा, मधे बागा. आपल्या बाजूला तेव्हा माहीमच्या नारळीच्या वाड्या होत्या, किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या. १९२५ साली महापालिकेने जवळजवळ २८ एकरांचं मैदान लोकांसाठी खुलं केलं. नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. चंपारणात गांधीजींबरोबर काम केलेल्या, त्यांचं मराठीत पहिलं चरित्र लिहिणाऱ्या याच त्या अवंतिकाबाई. स्मरणिकेत बिल्डरचं चित्र पहिल्या पानावर टाकणार असलास तर निदान दुसऱ्या पानावर या बाईंचं नाव येऊ दे.

मग १९३० आणि १९४०च्या दशकांत मैदानाभोवती आपल्यासारख्या इमारती उठल्या. तीन मजले, गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्यात उगवत्या सूर्याची जाळी. तुझ्या पणजोबांनी १९३९ साली जागा भाड्याने घेतली तेव्हा ते साधे कारकून होते. शेजारी शाळामास्तर, खाली वकील, समोर एक डॉक्टर. श्रीमंत कुणीच नव्हतं. आज तिथल्या खोलीला जी किंमत आहे ती आपल्यापैकी कुणी कमावलेली नाही. २८ एकर जागा शंभर वर्षं कुणी बांधू दिली नाही, म्हणून ती किंमत आहे. मैदानावर इमारती उठल्या असत्या तर तुझ्या बाविसाव्या मजल्याला विचारलं कुणी असतं?

आणि ते मैदान राखलं कुणी? भोवती राहणाऱ्यांनी थोडंफार, पण खरं राखलं ते बाहेरून येणाऱ्यांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गिरणगावातून माणसं चालत यायची. अत्रे बोलायला उभे राहिले की तुझी आजी गॅलरीत मला कडेवर घेऊन उभी असे, असं माझी ताई सांगते. दरवर्षी महाराष्ट्र दिनाचं संचलन, दसऱ्याचे मेळावे, बंगाल क्लबची दुर्गापूजा, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब. क्रिकेट शिकवणाऱ्या आचरेकर सरांच्या नेटमध्ये लांबलांबून किटबॅगा खांद्यावर टाकून पोरं यायची. सचिन तेंडुलकरसुद्धा वांद्र्याहून काका-काकूंकडे राहायला आला तो या मैदानासाठीच. या लोकांनी मैदान रोज वापरलं म्हणून ते मोकळं राहिलं. रिकामं, शांत, कुंपणातलं राहिलं असतं तर केव्हाच त्याचे तुकडे पडले असते. ही माझी पक्की समजूत आहे आणि ती तू बदलू शकणार नाहीस.

आवाजाची तक्रार वेगळी. २०१० साली उच्च न्यायालयाने तो भाग शांतता क्षेत्र ठरवला ते योग्यच झालं. कर्ण्यांनी म्हाताऱ्यांचे जीव नकोसे व्हायचे. पण कर्ण्यांची तक्रार करता करता माणसांचीच तक्रार सुरू झाली, हे मला तुझ्या पत्रात दिसलं.

६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब दिल्लीत गेले आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या गर्दीत कित्येकांनी तिथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच जागेवरच्या चैत्यभूमीचा स्तूप १९७१चा. म्हणजे तू जन्मण्याआधीपासून दर ६ डिसेंबरला ही माणसं तिथे येत आहेत आणि त्यांचा त्या वाळूशी जो संबंध आहे तो तुझ्या-माझ्या भाडेपावतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. तुझी आजी फार पुढारलेल्या विचारांची होती असं नाही, शिवाशिव पाळणाऱ्या घरातच तीही वाढलेली. पण ४ तारखेपासून जिन्याखाली पाण्याचं पिंप आणि पितळी ओगराळं ठेवायची, आणि दुपारी स्वतः पिंपापाशी बसायची. एका वर्षी परभणीकडची एक म्हातारी आमच्या पायरीवर टेकली. पायांना भेगा, कनवटीला परतीचं तिकीट. समुद्र कुठे आहे विचारत होती. मी तिला कीर्ती कॉलेजच्या बाजूने खाली नेलं. पाणी बघून ती काही बोलली नाही, वाकून दोन्ही हातांनी डोळ्यांना लावलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी रोज बगता हे?" येताना तिने तीन पुस्तकं घेतली, नातवासाठी. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. भारतात असा दुसरा मेळा दाखव मला, जिथे उपाशीतापाशी आलेली माणसं परत जाताना पुस्तकं घेऊन जातात! आणि तू तुझ्या मुलीला तेव्हा लोणावळ्याला नेतोस. तिने काय पाहायचं मग?

इथे जयपुरात समुद्र नाही. पण रामनिवास बाग आहे. १८६८ साली दुष्काळ पडला, लोकांना काम हवं होतं, म्हणून महाराजा रामसिंहांनी ती बाग घातली. संध्याकाळी तिथे गेलं की परकोटातल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या, गल्ल्यांमधली माणसं सतरंज्या टाकून बसलेली दिसतात. मला दर वेळी शिवाजी पार्कचा कट्टा आठवतो. एक शहर दुष्काळातून बाग काढतं, एक शहर प्लेगमधून मैदान. त्यानंतर येणाऱ्यांनी ते फक्त भोगायचं का?

सी-स्कीमचंही ऐक. मिर्झा इस्माईल यांच्या काळात या वस्त्या आखल्या गेल्या, बंगल्याभोवती बाग, रस्त्याला झाडं. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या अंगणात मोर उतरायचे. आता त्या बंगल्याच्या जागी काचेची इमारत आहे आणि खाली फक्त गाड्या. परकोटाला २०१९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे सज्जाला हात लावायचा तरी परवानगी लागते. परकोटाबाहेर कुणी विचारत नाही. तुमच्याकडेही तेच झालं. २०१८ साली मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती वारसा ठरल्या. आपल्याही इमारती त्याच काळातल्या, पण २०१२ साली महापालिकेच्या वारसा यादीत आपल्या परिसराचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करायला आपलेच लोक पुढे होते. त्यांची अडचण मला समजते. खाऱ्या हवेने सळया फुगतात, छत गळतं, भाडं नाममात्र, दुरुस्ती करणार कोण? आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं आणि खिडकीचे गज हाताला लाल लागायचे. इमारत पाडूच नका, असं मी म्हणत नाही. पण पाडल्यावर काय उभं राहतं ते बघ. खाली सहा मजले गाड्या, त्यावर जिम, त्यावर माणसं. आजीचं पिंप ठेवायचं कुठे? पायरीच नसेल तर म्हातारी टेकेल कुठे?

आणि ताईचं काय? तिला पंच्याऐंशी पूर्ण होतील. इमारत उभी राहीपर्यंत तुम्ही दूर कुठे भाड्याच्या घरात जाणार. ती रोज सकाळी कट्ट्यावर जाते, तिच्या बरोबरच्या तिघी उरल्या आहेत. त्या तिघींपासून तिला तोडून तू बाविसाव्या मजल्यावरून समुद्र दाखवणार? त्या समुद्राला तरी भरतीच्या वेळी किती वाळू उरते ते एकदा उतरून बघ. आम्ही जिथे शिंपले वेचायचो तिथे आता भिंतीवर लाटा आपटतात. तळमजल्यावरच्या शिंप्याचं नावही पत्रात कुठे नाही. त्याची संमती कुणी घेतली? एक्कावन्न टक्के सह्या झाल्या की उरलेल्यांचं ऐकायचं नाही, असं तुमच्यात ठरलं असेल तर ते मला कळव.

स्मरणिकेला यातलं हवं ते घे, पण अवंतिकाबाई आणि चैत्यभूमी दोन्ही ठेवशील तरच माझं नाव घाल. आणि सही करण्याआधी करारनाम्याची प्रत मला पाठव. पर्यायी घर किती अंतरावर, भाडेकरूंना काय, तळमजल्याला काय, हे मला स्वतः वाचायचं आहे. ताईलाही मोठ्याने वाचून दाखव, तिचा चष्मा आता कामाचा नाही. तोवर सही करू नकोस.

तुझी
मावशी