अडलेला दांडा

मनुष्याच्या बळाची परीक्षा तालमीत होते, असा सर्वसाधारण समज आहे. आमची परीक्षा कृष्णामाईने आमच्या घरातच घेतली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. ते आमच्या गल्लीकडे सरकू लागले त्या रात्री वडिलांच्या ग्रंथांची लोखंडी ट्रंक माळ्यावर चढविण्याची खटपट आम्ही केली. ट्रंक छातीपर्यंत आली. तेथून वर जाईना. अखेर ती टेबलावर ठेवून आम्ही घर सोडले. परतलो तेव्हा टेबल आडवे झाले होते आणि वडिलांच्या हातच्या समासातील टिपांसह निम्म्या ग्रंथांचा लगदा झाला होता.

पुढे २०२२ च्या जुलैअखेर बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळविले. पानाची टपरी व चहाचा गाडा चालविणाऱ्या गृहस्थाचा हा मुलगा! सारे गाव हर्षभरित झाले; आम्ही मात्र आकड्यांपाशीच घुटमळलो. संकेतची बेरीज २४८ किलो, सुवर्णपदक नेणाऱ्या मलेशियन खेळाडूची २४९. मध्ये अंतर अवघ्या एका किलोचे. १३९ किलो पेलताना संकेतचे कोपर दुखावले होते. ती बातमी वाचून, वयाचा विचार न करता, आम्ही जिमची वर्गणी भरून आलो.

बैठका आणि जमिनीवरून वजन उचलणे यांत आमची प्रगती समाधानकारक होती. खांद्यावरून डोक्यावर दांडा ढकलण्याचा प्रकार तेवढा साडेसत्तावीस किलोंवर अडला तो अडलाच. संकेतच्या प्रकारात पायांची साथ मिळते. येथे गुडघे ताठ ठेवावयाचे, मदत कोणाचीच नाही. ऑलिंपिकमध्येही ही उचल १९७२ पर्यंत होती. खेळाडू कंबरेतून मागे झुकू लागले, त्यांत सचोटी किती व लबाडी किती हे पंचांना ठरविता येईना, म्हणून ती काढून टाकली. झुकण्याची ती विद्या आम्हांस मात्र कोणी न शिकविता साधली होती.

"काका, कंबर मोडेल!" आमचा तरुण शिक्षक एके दिवशी ओरडला. मग त्याने चुका दाखविल्या. पोट व नितंब घट्ट आवळावे, पकड इतकीच रुंद ठेवावी की मनगटाखाली हात सरळ उभा राहील. दांडा नाकासमोरून जाईल इतपत डोके मागे घ्यावे आणि तो कपाळ ओलांडताच पुन्हा पुढे आणावे. पण खरी गोम हिशेबात होती. साठ किलोंच्या बैठकीत अडीच किलोंची भर म्हणजे शेकडा चार. साडेसत्तावीसात तीच भर शेकडा नऊ! मांडीचे स्नायू मोठे, खांद्याचे लहान. आणि ओझे मात्र दोघांनाही एकाच मापाने. जिममध्ये सर्वांत लहान चकती सव्वा किलोची. तेव्हा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्याकडून आम्ही अर्ध्या किलोच्या दोन चकत्या करवून घेतल्या. हे कोणत्या यंत्राचे भाग, असे त्याने विचारले. आम्ही स्वतःकडे बोट दाखविले, तेव्हा त्याने मजुरी घेतली नाही.

आठवड्यातून एक जास्तीचा दिवस हलक्या वजनाचा, जेवणात उसळ व दूध थोडे अधिक, आणि वाढ एकेका किलोची. पाचदा उचल सफाईने झाली तरच पुढे. नाही तर पुन्हा तेच वजन. एका किलोला कधी पंधरवडा लागला, एकदा तर सव्वा महिना. घरातल्या मंडळींच्या मते एवढ्या काळात माळ्याला जिना झाला असता. हे खरे आहे. पण त्या रात्री जिना हवा होता असे आम्हांस अद्याप वाटत नाही.

सध्या आमचा दांडा साडेएकतीसवर आहे. परवा रद्दीवाला दारी आला, तेव्हा उरलेल्या ग्रंथांची ट्रंक आम्ही त्याच्या काट्यावर चढविली. साडेचौतीस किलो भरली. तो भाव सांगू लागला. आम्ही ट्रंक आत आणली आणि माळ्याखाली ठेवली. पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत.