उंबऱ्याबाहेरचा वारसा

घरी पाहुणे आले की त्यांना कोल्हापूर दाखविण्याचा माझा क्रम ठरलेला असे. प्रथम अंबाबाईचे मंदिर, मग भवानी मंडप, दुपारी नवा राजवाडा आणि सायंकाळी रंकाळा. मंदिरातील काळ्या दगडाचे कोरीव खांब मी अभिमानाने दाखवी. मावळत्या सूर्याचे किरण वर्षातून दोन वेळा महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात, हे सांगताना माझा आवाज आपोआप हळुवार होई. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या राजवाड्याविषयीही मी भरभरून बोले. परतताना पाहुणे चपलांची खरेदी करीत. परंतु तो माझ्या लेखी केवळ बाजार होता.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला आनंद झाला. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी 'प्राडा'ने तशाच घाटाच्या चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा संतापही आला. "कारागिराचे श्रेय लाटले!" असे मी एका पाहुण्यापुढे तावातावाने म्हणालो. त्यांच्या लहान मुलाने विचारले, "काका, तुमच्या पायातली चप्पल कुणी केली?" मी दुकानाचे नाव सांगितले. "दुकानाचं नाही, करणाऱ्याचं नाव," तो म्हणाला. मी निरुत्तर झालो.

पुढच्याच आठवड्यात दुकानदाराकडून पत्ता घेऊन मी त्या कारागिराच्या घरी गेलो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याचा उग्र वास ओसरीवर दरवळत होता. वृद्ध कारागीर तळ शिवत होते. खिळा कोठेही नव्हता. शिवण चामड्याच्याच बारीक वादीची होती. त्यांच्या पत्नी पट्ट्यावरची वेणी गुंफीत होत्या. मी बोटांची प्रशंसा केली, तेव्हा ते हसून म्हणाले, "गुरुजी, आमचं काम पायाखालचं. देवळात जाताना लोक ते भाईर काढून ठेवत्यात."

त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. याच नगरीच्या राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला होता. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी वारसा मोजताना मी दगड आत घेतला होता आणि चामडे उंबऱ्याबाहेर ठेवले होते. परक्यांनी नाव घेतले नाही म्हणून मी रागावलो. मी तरी ते कधी विचारले होते?

निघताना मी त्यांचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले, आणि मुलगा हे काम शिकलेला नाही, हेही सांगितले.

आता पाहुण्यांना घेऊन मी आधी त्या ओसरीवर जातो. मंदिर त्यानंतर येते. महाद्वारापाशी चप्पल काढताना ती नीट जोडून ठेवण्याची सवय मला अलीकडेच लागली आहे.