एका रविवारचा अंक

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे, हे सर्वमान्य आहे. व्यापारी घराण्यांत मात्र ते बरेच लांबते. सकाळी बातमी, दुपारी भावाचा रकाना, आठवड्याने पुडी आणि नशीब बलवत्तर असेल तर तिजोरीच्या खणातले अंथरूण. अशा अंथरुणाला वाळवीने आणि सुनांनी अभय दिले, तर पन्नास-पंचावन्न वर्षांनी नातवाच्या हाती इतिहास लागतो. खामगावच्या एका कापूस पेढीच्या तिजोरीत निघालेला अंक रविवार, २० जुलै १९६९ चा होता.

बातम्यांच्या दृष्टीने तो दिवस मोठा भाग्यवान. आदल्या रात्री साडेआठला पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली होती. ज्यांच्या ठेवी ५० कोटींच्या वर, अशा १४ बँका एका वटहुकुमाने सरकारच्या झाल्या. त्याच वेळी अपोलो-११ चे तीन अंतराळवीर चंद्राभोवती प्रदक्षिणा घालू लागले होते. पृथ्वीवर तिजोऱ्या हलल्या होत्या आणि वर माणूस चंद्राच्या उंबरठ्यावर उभा होता. पेढीवरच्या शेठजींनी यातले काहीही आधी वाचले नाही. रिवाजाप्रमाणे त्यांनी मुनीमजींकडून प्रथम रुईचे भाव ऐकले.

तेव्हा मुंबईचा अंक रेल्वेने येई आणि हाती पडेपर्यंत बहुधा दुसरा दिवस उजाडे. त्यामुळे मोठीच गंमत झाली. सोमवारी सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. पेढीवरच्या अंकात मात्र ते अजून चंद्राभोवती घिरट्याच घालत होते. शेजारच्या दुकानातील रेडिओने खरी बातमी सांगितली, तेव्हा मुनीमजी म्हणाले, “शेठजी, छापील आहे ते खरे. रेडिओचे काय, हवेतली गोष्ट!”

शेठजींच्या मातोश्रींची अडचण याहून खोल होती. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र, हे त्यांनी बालपणापासून प्रवचनात ऐकलेले. त्यांनी शांतपणे विचारले, “दोहोंपैकी कोणत्या चंद्रावर उतरले?” मुनीमजींनी पहिले पान उलटसुलट करून पाहिले. “मोठ्या बाई, छापणाऱ्यांनी तेवढे दिलेले नाही,” असे त्यांना कबूल करावे लागले. वार्ताहरांकडून राहून गेलेला हा प्रश्न त्या दिवशीचा सर्वांत नेमका प्रश्न होता, असे म्हणायला हरकत नाही.

शेठजींनी चंद्राचा हिशेब पुढे निराळ्या अंगाने केला. एवढे भाडे भरून माल किती आणला? साडेएकवीस किलो दगड आणि माती! त्यांत काळा बेसाल्ट होता, आणि काळ्या बेसाल्टचा बुलढाणा जिल्ह्यात काय तोटा? त्याच जिल्ह्यात लोणारला उल्केच्या आघाताने त्या पाषाणात सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पडलेले आहे. चंद्रावरच्या विवरांशी साम्य म्हणून शास्त्रज्ञ १९७० नंतरच्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास करू लागले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी अमेरिकेने अग्निबाण उडवला, तिचा नमुना पाहायला खामगावकरांना एसटीचे तिकीट पुरत होते.

बँकांच्या बातमीवर मात्र पेढीवर कुणी हसले नाही. या भागातील जाणत्यांना १९६० साल आठवत होते. त्या वर्षी केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि शेजारच्या अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तोही आरंभी ठेवीदारामागे १,५०० रुपयांपुरता. बँक खासगी असताना बुडाली हे खरे. पण ती सरकारी झाली म्हणताच व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला. सरकार म्हणजे विक्रीकर, आयकर आणि तपासणी, एवढीच ओळख. शेठजींनी त्याच सोमवारी मोठी रक्कम काढून आणली आणि त्या अंकाच्या अंथरुणावर ठेवली. रक्कम तिथे तीन महिने बिनव्याजी झोपली.

त्यांची एक शंका मात्र दाद देण्याजोगी होती. वटहुकुमावर हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची सही होती आणि अध्यक्षीय निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी २० जुलैलाच राजीनामा दिला. शेठजी म्हणाले, “मुनीम सही करून दुसऱ्या दिवशी नोकरी सोडतो, तेव्हा वही तपासावी लागते.” वही खरोखरच तपासली गेली. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. कारण भरपाईचे होते, सहीचे नव्हे; पण हा तपशील शेठजींनी पुढे कुणाला ऐकू दिला नाही. चारच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, नवा वटहुकूम निघाला आणि बँका सरकारकडेच राहिल्या.

१९६९ च्या जूनमध्ये देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या आसपास गेल्या. सरकारी बँकेला भिणारे शेठजी दहा-बारा वर्षांनी नातीसाठी स्थळे पाहू लागले, तेव्हा त्यांची पहिली अट होती: मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेत हवा.

पण शेठजींचे खरे भय निराळे होते आणि ते कोणत्याच मथळ्यात नव्हते. गावातल्या विधवा, शेतकरी, हमाल आपली चार पैशांची पुंजी पेढीवर ठेवीत. पावती नाही, मुदत नाही. शेठजींचा शब्द आणि वहीतली एक ओळ. गरजेला पैसा परत मिळे, त्यावर व्याजही मिळे. आणि तोवर तोच पैसा हंगामात कापसात फिरे. पेढीचे अर्धे भांडवल या विश्वासाचे होते.

त्या आठवड्यात पेढीवरच्या जुन्या हमालाने विचारले, “शेटजी, ब्यांका आता गरिबाच्या झाल्या म्हन्तेत. खरं हाय काय?”

“झाल्या असतील,” शेठजी म्हणाले, “पण लगेच किल्ली मागायला जाऊ नकोस.”

वर्षभराने तोच हमाल खाते उघडण्याचा फॉर्म घेऊन आला. तेव्हा ओळख देणारा जुना खातेदार लागे, आणि बँकेत ज्याची सही चालेल असा त्याच्या ओळखीचा माणूस एकच होता. म्हणजे पेढीवरची ठेव काढून नेण्यासाठी पेढीच्याच मालकाची सही हवी होती. शेठजींनी चष्मा पुसला. “व्याज आमच्यापेक्षा कमी मिळेल, माहीत आहे ना?”

“माईत हाय, शेटजी. पन पुस्तक तं आपल्या घरी राह्यते.”

शेठजींनी सही केली, मुनीमजींना व्याजासह हिशेब काढायला सांगितले आणि तिघांसाठी चहा मागवला.