चौघांना दोन दारें

जुनें यंत्र जसें हातीं आलें तसेंच पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावें, त्यांत आपल्या शहाणपणाची भर घालूं नये, असें मानणारा एक पंथ आहे. यंत्र चालविण्यासाठीं असतें, पूजेसाठीं नव्हे, असें मानणारा दुसरा. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस राहणाऱ्या आमच्या काकांच्या घरीं २०२३ सालीं या दोन पंथांत जो वाद माजला, त्याचें निमित्त होतें बिडाचा एक ओतीव तुकडा. मोटारीच्या धंद्यांत त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. कार्ब्युरेटरांत पेट्रोल आणि हवा यांचें जें मिश्रण होतें, तें सिलिंडरांच्या दारापर्यंत नेऊन वांटावयाचें, एवढेंच त्याचें काम. वाढपी आणि पंगत यांचा जो संबंध, तोच याचा आणि सिलिंडरांचा.

काका १९६६ सालीं गिरगांवांतील चाळींतून निघून इंग्लंडांत आले आणि पुढें तीस वर्षें त्यांनीं एका ओतशाळेंत लांकडी नमुने घडविले. ज्याच्याभोंवतीं वाळू ठोकून बीड ओतावयाचें तो नमुना त्यांच्या हातचा. १९७८ सालीं त्यांनीं मिनी १००० ही गाडी घेतली. घरापासून चार-पांच मैलांवरच्या लाँगब्रिजच्या कारखान्यांत ती तयार झाली होती. मुलांना शाळेंत पोंचविलें तें या गाडीनें, काकूंना शेवटच्या आजारांत इस्पितळांत नेलें-आणलें तेंही हिनेंच. गाडी कोपऱ्यावर वळली कीं केवळ आवाजावरून ओळखून काकू दाराशीं येऊन उभ्या राहत. आतां नातीला वूस्टरला नोकरी लागली होती आणि ही गाडी तिला द्यावी असें काकांच्या मनांत होतें. पण वूस्टरचा रस्ता म्हणजे एम-५ हा मोटारवे. त्यावरचे अवजड ट्रक ताशीं ५६ मैलांचा वेग धरून एकामागें एक चालतात आणि जोडवाटेनें आंत शिरणाऱ्यानें तेवढा वेग आधींच गांठलेला असावा लागतो. गाडीचें इंजिन ९९८ घनसेंटिमीटरांचें, ताकद ४० अश्वशक्तीहूनही थोडी कमी. आमच्या चुलतभावानें स्पष्टच सांगितलें, "बाबा, एक तर इंजिनाला दम येईल असें कांहीं करा, नाहीं तर गाडी विका. पोरीला मी या स्थितींत त्या रस्त्यावर पाठविणार नाहीं." काका दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत.

वाचकांस या इंजिनाची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढची हकीकत नीट कळावयाची नाहीं. हें ए-सीरीज नांवाचें इंजिन प्रथम १९५१ सालीं ऑस्टिन ए-३० या लहान गाडींत ८०३ घनसेंटिमीटरांच्या रूपानें आलें, १९५९ सालीं मिनींत बसलें आणि २००० सालीं मिनीबरोबरच थांबलें. अर्ध्या शतकांत त्याचा आकार वाढला, कीर्ति वाढली, मॉन्टे कार्लोची शर्यतही त्यानें जिंकून दिली. पण एक गरिबी मात्र जन्मभर तशीच राहिली. सिलिंडर चार, आणि मिश्रण आंत घेण्याचीं दारें दोनच! पहिल्या व दुसऱ्याचें एक, तिसऱ्या व चौथ्याचें एक. धूर बाहेर टाकण्यासाठीं तीन दारें आहेत, त्यांतलेंही मधलें दोघांत सामाईक.

याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. सिलिंडरांची पाळी १, ३, ४, २ अशी असते. म्हणजे दुसऱ्यानें श्वास घेतला कीं लगेच त्याच्या शेजारच्या पहिल्याची पाळी येते, आणि मग तें दार बराच वेळ स्वस्थ बसतें; तसेंच तिसरा आणि चौथा यांचें. काकांनीं याला चाळींतल्या नळाचा दृष्टान्त दिला. दोन बिऱ्हाडांत एक नळ. पहिली बाई तोटी सोडते, नळ खळखळतो, थुंकतो, मग कुठें धार लागते; आणि धार चांगली लागली न लागली तोंच शेजारीण आपली घागर पुढें सरकवते. इंजिनांत आंतले दोन सिलिंडर, म्हणजे दुसरा व तिसरा, ही तोटी सोडण्याची मेहनत करतात आणि कडेचे दोघे वाहत्या धारेवर हात मारतात. इतकेंच नव्हे, आंतल्याची झडप पुरती मिटण्याआधींच कडेच्याची उघडते, त्यामुळें त्याच्या तोंडचा घांसही कांहीं अंशीं शेजारी ओढून घेतो. इंग्रज कारागीर याला सरळ चोरीच म्हणतात. कोणताही मॅनिफोल्ड ही चोरी बंद करूं शकत नाहीं, कारण ती दाराच्या आंतली आहे. मॅनिफोल्डानें फार तर दारापर्यंतची वाट मोकळी करावी. जाहिरातींत मात्र हें वाक्य सहसा आढळत नाहीं.

ती वाट मुळांत अवघड होती हें खरें. काकांच्या गाडींत आंत येणाऱ्या मिश्रणाची नळी आणि बाहेर जाणाऱ्या धुराची नळी हीं दोन्ही बिडाच्या एकाच ओतकामांत होतीं. हा नुसता कंजूषपणा नव्हे. थंड हवेंत पेट्रोलाचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून ओघळतात. शेजारच्या धुराच्या उष्णतेनें त्यांची वाफ होते आणि हिवाळ्याच्या सकाळींही इंजिन चालूं लागतें. इंग्लंडांतील दमट थंडीची दहशत तेथील यंत्रज्ञांना फार. मिनीच्या आरंभींच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर पुढल्या बाजूस होता, पुढें सबंध इंजिनच फिरवून तो मागें नेला, आणि कार्ब्युरेटरांत बर्फ धरत असे हें त्याचें एक कारण सांगितलें जातें. (त्यामुळें ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटर पुढें आला आणि पावसांत भिजूं लागला, तें निराळें.) पण तीच उष्णता इंजिन तापल्यावर नडते. तापलेली हवा विरळ होते, आणि विरळ हवेंत दम कमी.

तोड निघाली ती नातीकडून. तिनें माहिती काढून आणली कीं १९८२ सालच्या एमजी मेट्रो या गाडीसाठीं याच इंजिनाला अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा मॅनिफोल्ड करण्यांत आला होता. त्याच्या पोटांतून इंजिनाचें गरम पाणी फिरतें. म्हणजे थंडींत ऊब मिळते आणि धुराची आंच मात्र लागत नाहीं. त्या धर्तीचा एक नग, आणि त्यासोबत धुराची तीन शाखांची पोलादी नळी, असें मागविण्याचें ठरलें. आमच्या चुलतभावाला याहून मोठा कार्ब्युरेटरही हवा होता. काका नको म्हणाले, आणि आमच्या मतें तेंच बरोबर होतें. एवढ्याशा इंजिनाला फार रुंद वाट दिली तर हवेची गति मंदावते, पेट्रोल पुन्हा ओघळूं लागतें आणि खालच्या वेगांत गाडी रडते. दीड इंचाचा जुना एस.यू. कार्ब्युरेटर तसाच राहिला.

नवा नग आला तेव्हां काकांनीं तो डोळ्यांनीं कमी आणि बोटांनीं अधिक पाहिला. आंत करंगळी घालून ते म्हणाले, "नमुना चांगला होता, पण साफसफाई करणाऱ्याला घरीं जाण्याची घाई होती." वाटेच्या वळणावर ओतकामाची एक बारीक धार उरली होती, ती त्यांनीं स्वतः कानशीनें घासून काढली. नंतर त्यांनीं दोन्ही नळ्यांच्या बैठकींची जाडी मोजली. येथेंच पुष्कळ जण फसतात. आंतली आणि बाहेरची, अशा दोन्ही बैठकी एकाच जाड चकतीखालीं आवळल्या जातात. जाडींत किंचित् फरक असला तर चकती तिरकी बसते, एक बैठक घट्ट होते आणि दुसरी ढिली राहून चोरवाटेनें हवा ओढते. फरक होताच. तो घासून सारखा करण्यांत एक सबंध दुपार गेली.

बसविण्याच्या कष्टांचें वर्णन करीत नाहीं. नट इंजिनाच्या मागें, आडभिंतीच्या अगदीं तोंडाशीं असतात आणि माणसाचें मनगट तेथें जावें असें ती गाडी रचणाऱ्यांच्या मनांत नसावें. नातीचा हात लहान, म्हणून शेवटचे दोन तिनेंच लावले. इंजिन सुरू करून सांध्यांवर कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवाचा फवारा मारून पाहिला. आवाजांत फरक पडला नाहीं, म्हणजे चोरवाट नव्हती. हवा आतां अधिक येऊं लागल्यामुळें पेट्रोलही त्या मानानें हवें, यासाठीं कार्ब्युरेटरांतली निमुळती सुई बदलावी लागली. तीन सुया पाहिल्या. तिसरीवर प्लगांचा रंग फिकट विटकरी आला तेव्हां काकांनीं हात पुसले.

त्या रविवारीं नातीनें गाडी चालविली, काका शेजारीं आणि आम्ही मागें गुडघे पोटाशीं घेऊन. लिकी टेंकड्यांच्या ज्या चढावर पूर्वी तिसऱ्या गियरवर उतरावें लागे, तेथें ती चौथ्यावरच चढून गेली. मग एम-५ वर. जोडवाटेच्या शेवटीं वेगाचा कांटा ६० च्या जवळ होता, उजवीकडे ट्रक होता, आणि आम्ही त्याच्या पुढें होतों. काकांनीं मागें वळून पाहिलें नाहीं.

आवाज मात्र बदलला आहे. तो अधिक मोकळा आणि थोडा खर्जांतला झाला आहे. परत येतांना गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हां काका कान देऊन ऐकत होते. बोलले कांहींच नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं. जुना बिडाचा मॅनिफोल्ड त्यांनीं रॉकेलनें धुतला, तेलांत भिजविलेल्या फडक्यांत गुंडाळला आणि गॅसकिटासह एका पेटींत घालून वर तारीख लिहिली. ती पेटी गाडीबरोबर वूस्टरला जावयाची होती. तूर्त ती त्यांच्या कपाटांत, काकूंच्या शालींखालीं ठेवलेली आहे.